जीपीएल आणि ‘सगळा कोड द्यावा लागतो’ ही भीती

‘जीपीएलचं काहीही वापरलं की कंपनीचा सगळा कोड जगाला द्यावा लागतो’ हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकवलं जातं, की ते म्हणणाऱ्याने जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना एकदा तरी उघडला होता का, असं विचारावंसं वाटतं. १९९१ साली आलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोड देण्याची जबाबदारी प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर येते. एखाद्या बँकेने असा प्रोग्रॅम हवा तसा बदलला आणि स्वतःच्याच सर्व्हरवर चालवला, तर तिला कुणालाही काही द्यावं लागत नाही. (नेटवर्कवरच्या वापरालाही अट लावणारा अफेरो जीपीएल हा वेगळा परवाना आहे.) वाटप केलं, तरी त्याच डिस्कवर शेजारी ठेवलेल्या स्वतंत्र प्रोग्रॅमला अट लागू होत नाही, हे त्याच परवान्यात स्पष्ट लिहिलं आहे. लिनक्स कर्नलच्या परवान्यासोबतची नोंद तर सांगते, की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारा प्रोग्रॅम कर्नलवरून बेतलेला मानला जाणार नाही. म्हणून ओरॅकलचा बंदिस्त डेटाबेस लिनक्सवर राजरोस चालतो.

यावर आक्षेप येतो, की ही सीमा नेहमी इतकी स्पष्ट नसते. आक्षेप खरा आहे. दोन कोड एकाच बायनरीत जोडले, की जीपीएलची अट दोन्हींना धरते. लायब्ररी प्रोग्रॅम चालू असताना जोडली तर काय, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. पण म्हणूनच हा प्रश्न रचना ठरवतानाच सोडवायचा असतो. गूगलने अँड्रॉइडसाठी कर्नल लिनक्सचा घेतला, आणि त्यावरची सी लायब्ररी मात्र, सोर्स देण्याची अट नसलेल्या बीएसडी परवान्याखाली, स्वतंत्र उभी केली.

या भीतीच्या गदारोळात वापरकर्त्याचा हक्क बाजूला पडतो, हे अधिक वाईट. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं २००३ मध्ये उघड झालं, कंपनीला सोर्स द्यावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मला. उलट टिवो कंपनीच्या टीव्ही रेकॉर्डरने सोर्स दिला, पण बदललेला प्रोग्रॅम चालवायला नकार देणारं कुलूप यंत्रातच बसवलं. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी ही पळवाट बुजवली; कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. त्यामुळे फोनच्या कर्नलचा सोर्स मिळूनही बूटलोडर बंद असेल, तर तो बदलून त्याच फोनवर चालवता येत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जीपीएलचा प्रोग्रॅम विकता येतो, हव्या त्या किमतीला. त्यावरचा लेखकाचा कॉपीराइट संपत नाही. परवाना त्याच्याच बळावर उभा असतो. आणि इंटरनेटवर परवान्याविना टाकलेला कोड वापरायला मोकळा नसतो. लेखकाने परवानगी दिलेली नसते, म्हणून सारे हक्क त्याच्याकडेच राहतात.