जेवायच्या आधी एक फोटो!

लग्नाच्या अल्बममध्ये हमखास कोण दिसतं? नवरा-नवरी, वरमाय, कान पिळणारा भाऊ आणि स्टेजवर रांग लावून अहेर देणारी मंडळी. पहाटेच्या एसटीने सांगलीहून आलेली आत्या मात्र सापडते ती थेट पंगतीत, तोंडात जिलबीचा घास असताना! अशा पाहुण्यांना स्वतःचा एक नीट, हसरा फोटो हातात घेऊन घरी जाता यावं, म्हणून फोटो बूथ. लग्नातल्या हौसेच्या खर्चांमध्ये सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च हाच, असं माझं ठाम मत आहे. आणि या बूथमागच्या गोष्टी तर एकाहून एक भन्नाट आहेत.

सायबेरिया ते ब्रॉडवे

आपोआप फोटो काढणारं यंत्र १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातच लोकांनी पाहिलं होतं. पण आत जाऊन बसा आणि फोटोंची पट्टी घेऊन बाहेर पडा, हा थाट बसवला अनातोल जोसेफो यांनी. जन्म सायबेरियातल्या ओम्स्कचा, मधे शांघायमध्ये स्टुडिओ आणि मग अमेरिका, असा त्यांचा प्रवास. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांचं ‘फोटोमॅटन’ सुरू झालं. २५ सेंट, ८ फोटो, साधारण ८ मिनिटं. पहिल्या सहा महिन्यांत २ लाख ८० हजार लोक येऊन गेले! १९२७ मध्ये त्यांनी अमेरिकेतले हक्क विकले, ते तब्बल १० लाख डॉलरला.

यंत्र आपोआप चालायचं, तरी तिथे पांढरे हातमोजे घातलेला एक मदतनीस उभा असे. इकडे बघा, आता तिकडे बघा, असं सांगायला. शंभर वर्षांनंतर आपल्या कार्यालयातही हे तंतोतंत लागू आहे. बूथपाशी एक बोलका माणूस हवाच. घरातली एखादी चुणचुणीत भाची असेल तर उत्तम. ‘या ना काकू, तुम्ही पण या,’ असं कुणी म्हटल्याशिवाय आपल्याकडची निम्मी मंडळी लांबूनच बघत राहतात.

आधी हळद चढते

जुन्या बूथमध्ये निगेटिव्हच नसायची. कागदावर थेट फोटो उमटायचा, त्यामुळे प्रत्येक पट्टी एकमेव. हरवली की संपलं.

आजच्या बूथमधला प्रिंटर वेगळ्याच तऱ्हेने चालतो. त्यात शाई ओतत नाहीत. रंगाची एक पातळ रिबन असते आणि उष्णतेने तिच्यावरचा रंग कागदावर चढतो. कागद आतबाहेर होताना दिसतो असा प्रिंटर असेल तर जवळ उभं राहून बघाच. पहिल्या फेरीत चेहरे नुसते पिवळे. दुसऱ्या फेरीत गुलाबी-लाल रंग चढतो, गालांवर जीव येतो. तिसऱ्या फेरीत निळा रंग येतो आणि केस काळे होतात, शालूचे काठ उठून दिसतात. चौथी फेरी पारदर्शक थराची. या थरामुळेच जिलबीच्या पाकाचं बोट लागलं तरी फोटो पुसता येतो. लग्नात आलेल्या प्रत्येकाला कागदावर का होईना, आधी हळद लागते! हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत उरकतं. ६ बाय ४ इंचांचा कागद मधोमध कापला की २ बाय ६ च्या दोन पट्ट्या होतात. एक पाहुण्याला, एक घरच्यांना. घरची पट्टी वहीत चिकटवा आणि शेजारी दोन ओळी लिहून घ्या. नाव, गाव, आशीर्वाद. अहेराच्या पाकिटावरचं नाव वाचून चेहरा आठवायची कसरतही वाचते.

‘मला आत्ताच का दिसत नाही?’

झटपट फोटोची कल्पना सुचली एका तीन वर्षांच्या मुलीमुळे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या सँटा फे इथे फिरताना एडविन लँड यांना त्यांच्या लेकीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्यातून पोलरॉइड कॅमेरा जन्मला आणि १९४८ मध्ये बाजारात आला. आज लग्नात हातोहात फिरणारे छोटे इन्स्टंट कॅमेरे त्याच वंशातले. त्यातून निघालेला फोटो हवेत झटकायची सगळ्यांना सवय असते. काही उपयोग नाही! रसायनं बंद थरात असतात, त्यांना वारा लागतच नाही.

किती फोटो काढले म्हणजे एकाचेही डोळे मिटलेले नसतील?

याला चक्क सूत्र आहे, आणि त्यासाठी दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांना २००६ चं इग्नोबेल पारितोषिकही मिळालं. विसापेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. म्हणजे बारा करवल्या असतील तर भरउजेडात चार फोटो, अंधूक हॉलमध्ये सहा.

आरशातला मी, फोटोतला मी

‘माझा फोटो चांगला येतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दिलासा. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, माणसाला स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो आवडतो, तर त्याच्या मित्रांना सुलटा. ज्याने त्याने रोज पाहिलेला चेहराच ज्याला त्याला बरा वाटतो. बूथचा पडदा बहुधा आरशासारखं दाखवतो आणि प्रिंट सुलटी येते. म्हणून पडद्यावर झकास वाटलेली मामी प्रिंट बघून नाक मुरडते. शेजारचे सगळे मात्र म्हणतात, छान आलाय की! शेजारचे खरं बोलत असतात.

कलावंतही रांगेत

१९२९ मध्ये पॅरिसच्या सररिअलिस्ट (अतिवास्तववादी) कलावंतांनी आपल्या नियतकालिकात स्वतःचे डोळे मिटलेले बूथ-फोटो छापले. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६३ मध्ये एका बाईंना न्यूयॉर्कच्या बूथमध्ये नेऊन त्या फोटोंवरून ३६ चौकटींचं व्यक्तिचित्र केलं. जपानमध्ये १९९५ साली स्टिकर देणारे बूथ आले आणि शाळकरी मुलींनी त्यांचं वेड लावून घेतलं.

दिवे, झेंडू आणि गोरज

बूथ बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातील. पिवळ्या माळा आणि पांढरे दिवे एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर दिसतो. एकाच जातीचे दिवे लावा. झेंडूची भिंत देखणी दिसते, पण तिला खेटून उभं राहिलं की केशरी झाक गालावर उतरते. तीन-चार फूट पुढे उभं करा, म्हणजे मागे सावलीही पडणार नाही.

गोरज मुहूर्ताचं लग्न लॉनवर असेल तर मग काय! सूर्य कललेला, निळा प्रकाश वातावरणात विखुरलेला, उरलेला सगळा सोनेरी. पण हा उजेड झपाट्याने जातो, दिवे आधीच जोडून ठेवा. आणि प्रिंटरची विजेची लाइन डीजेपासून वेगळी घ्या.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं

बूथ मांडवाच्या कोपऱ्यात लपवू नका. स्टेजकडून जेवणाकडे जायच्या वाटेवर ठेवा. पोटभर जेवल्यावर कुणी फोटोला थांबत नाही. चार-पाच बांधलेले फेटे, चापाच्या दोन नथी, ‘मुलीकडचे’ आणि ‘मुलाकडचे’ अशा पाट्या, एवढं सामान पुरे. एक हाताची खुर्ची मात्र हवीच. आजी बसली की तिच्याभोवती चार पिढ्या आपोआप गोळा होतात.

बजेट आखडतं असेल तर गोल फिरणारा ३६० अंशांचा कॅमेरा वगळा, प्रिंटर ठेवा. लग्नात सर्रास दिसणाऱ्या काही प्रिंटरच्या एका रोलमध्ये ६ बाय ४ च्या ७०० प्रिंट निघतात, म्हणजे पाहुण्यांना वाटून उरतील एवढ्या. त्या उरलेल्या प्रिंटसाठी भटजी, सनईवाले आणि वाढपी यांनाही बोलवा, आणि एकेक प्रिंट त्यांच्या हातात द्या.