टॉवरवरचं कार्ड वारंवार का जातं?

घरात एकाच होल्डरमधला बल्ब सारखा जायला लागला, की आपण बल्बच्या कंपनीला बोल लावणं थांबवतो आणि होल्डर उघडून बघतो. इंटरनेट पोचवणाऱ्या टॉवरवर मात्र हे शहाणपण बऱ्याचदा सुचत नाही. सिग्नल सोडणारं-पकडणारं रेडिओ कार्ड गेलं, नवं बसवलं. तेही गेलं, म्हणून जास्त पॉवरचं, महागाचं आणलं. पहिल्या वळवात त्याचाही निकाल लागला. एखादं कार्ड मुळातच सदोष निघू शकतं. पण एकाच टॉवरवर तिसरं जातं तेव्हा दोष बहुधा कार्डाबाहेर असतो. तो कोणत्या वाटेने आत येतो, हे शोधायची एक रीत आहे.

उदाहरणासाठी गुजरातमधला वडोदरा ते सावली हा पट्टा घेऊ.  सावली तालुक्यात मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे, मेट्रोचे डबे बनवणारा कारखाना आहे आणि मही नदीच्या काठापर्यंत पसरलेली सपाट शेती आहे. जिथे फायबर ओढणं परवडत नाही, अशा शेतातल्या गोदामाला किंवा शाळेला रेडिओ लिंक सोयीची पडते. पण सपाट जमिनीची स्वतःची एक अडचण असते.

अंतर पंचवीस किलोमीटर धरू आणि लहरींची वारंवारता ५.८ गिगाहर्ट्‌झ. समोरचा टॉवर नुसता दिसून भागत नाही. लहरी मध्यावर साधारण १८ मीटर त्रिज्येच्या फुगवट्यातून जातात आणि त्यातला ६० टक्के, म्हणजे ११ मीटर भाग तरी मोकळा लागतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावरची जमीन ९ मीटर वर आल्यासारखी होते. वाटेतल्या कडुनिंब-आंब्यांचे १२ मीटर धरले, की बेरीज ३२ मीटर होते. म्हणून टॉवर उंच घ्यावा लागतो आणि आजूबाजूच्या शेतांत सर्वांत उंच वस्तू तोच ठरतो. वळवाच्या ढगांना वीज टाकायला त्याहून सोयीची जागा मिळत नाही.

टॉवरवर एक बंद पेटी असते. तिच्यात सर्किट बोर्ड आणि बोर्डाच्या खाचांत एक, दोन किंवा तीन रेडिओ कार्डं. प्रत्येक कार्डातून पिगटेल नावाची बारीक वायर पेटीच्या भिंतीवरच्या कनेक्टरपर्यंत जाते, तिथून केबल अँटेनाकडे. खालून वर एकच नेटवर्क केबल येते. डेटा आणि वीज दोन्ही तिच्यातूनच जातात. याला पीओई म्हणतात. नुकसान आत येण्याच्या वाटा यावरूनच ठरतात: अँटेनाकडून, नेटवर्क केबलमधून, विजेच्या पुरवठ्यातून आणि पेटीच्या भिंतींतून ऊन-पाण्याच्या रूपाने.

तपासाची सुरुवात मेलेल्या कार्डापासून करायची. ‘कार्ड गेलं’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. पहिला: बोर्डाला कार्ड दिसतच नाही. दुसरा: कार्ड दिसतं, प्रसारणही करतं, पण त्याला ऐकू येत नाही. तिसरा: कार्ड येतं-जातं आणि रीबूट केलं की काही तास शहाण्यासारखं वागतं.

यातला दुसरा आजार ओळखायला सोपा. दोन्ही टोकांना सारखी पॉवर आणि सारख्याच अँटेना असतील, तर दोघांना मिळणारा सिग्नल (तो डीबीएम या एककात मोजतात; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) जवळपास सारखा यायला हवा, कारण जाताना आणि येताना वाट तीच असते. पंचवीस किलोमीटरवर अँटेनासकट ३६ डीबीएम ताकद सोडली आणि ऐकणाऱ्या बाजूला ३० डीबीआयची डिश असली, तर उणे ७० डीबीएमच्या आसपास आकडा अपेक्षित आहे. वडोदऱ्याला उणे ७० आणि सावलीला उणे ८७ दिसत असेल, तर सावलीचं कार्ड बहिरं झालंय किंवा वडोदऱ्याचं प्रसारण कमजोर पडलंय. सावलीत चांगलं कार्ड लावलं आणि आकडे जुळले, की निकाल लागला. दोन्ही आकडे सारखेच घसरले असतील, तर कार्डाला हात लावू नका. डिश वाऱ्याने फिरली असेल, झाड वाढलं असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल.

कार्ड बहिरं होतं ते बहुधा अँटेनाच्या वाटेने. क्षीण सिग्नल वाढवणारा कार्डाचा पहिला भाग फार नाजूक असतो. काही व्होल्टचा झटकाही त्याला पुरतो. त्यासाठी वीज टॉवरवरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी तारांमध्ये झटका उमटतो, आणि कोरड्या, धुळीच्या वाऱ्यानेही अँटेनावर भार साठतो. पुष्कळ जण इथे गॅस ट्यूबचा अरेस्टर बसवून निश्चिंत होतात. पण अशी ट्यूब साधारण ९० व्होल्टला पेटते आणि पेटेपर्यंतचा झटका पुढे निघून गेलेला असतो. त्यापेक्षा आतून जमिनीला जोडलेली अँटेना घ्यावी, किंवा पाव-लहर पद्धतीचा अरेस्टर. ५.८ गिगाहर्ट्‌झला पाव लहर म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. तेवढ्या लांबीचा जमिनीला जोडलेला तुकडा कामाच्या लहरींना दिसत नाही, झटक्याला मात्र सरळ खाली नेतो.

आकाशातल्या विजेच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक अर्थिंगमध्ये होते. अर्थ पिटचा रोध पाच ओहमच्या आत आला की काम झालं, असं समजलं जातं. आता हिशेब करा. २० हजार अँपिअरची वीज पाच ओहममधून गेली, तर त्या पिटचा दाब क्षणभर एक लाख व्होल्ट होतो. टॉवरचा पिट वेगळा आणि खालच्या खोलीचा वेगळा असेल, तर एक लाखावर चढतो, दुसरा शून्यावर राहतो आणि दोघांना जोडणारी वस्तू म्हणजे तुमची नेटवर्क केबल. तो प्रवाह तिच्यातूनच धावतो. म्हणून टॉवरचा पाय, लायटनिंग अरेस्टर, पेटी आणि खोलीचं अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोडलेलं हवं, म्हणजे दाब चढला तरी सगळ्यांचा एकदम चढेल. केबल शील्डवाली घ्यायची, शील्ड वर टॉवरला आणि खाली खोलीत शिरण्याआधी अर्थला बांधायचं आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना लावायचा. वादळानंतर कार्डासोबत नेटवर्क पोर्टही गेलेला दिसला, तर संशय आधी याच वाटेवर घ्यावा.

तिसऱ्या आजाराचं, म्हणजे येत-जात राहणाऱ्या कार्डाचं, मूळ बहुतेकदा पुरवठ्यात सापडतं. साध्या नेटवर्क केबलच्या एका तारेचा रोध शंभर मीटरला ९.४ ओहमपर्यंत असतो. पीओईत जायला दोन आणि यायला दोन तारा जोडीने वापरल्या, तर साठ मीटर केबलचा एकूण रोध ५.६ ओहम भरतो. तीन कार्डांच्या बोर्डाला १८ वॅट लागत असतील आणि खालून २४ व्होल्ट दिले, तर जवळजवळ एक अँपिअर वाहतो आणि साडेपाच व्होल्ट केबलच खाते. वर साडेअठरा पोचतात. काम चालतं. पण अडॅप्टर जुना होऊन २० व्होल्टवर आला, की ही केबल कितीही झालं तरी १७.९ वॅटच्या वर वीज पोचवू शकत नाही. तिन्ही कार्डं एकदम बोलायला लागली की बोर्ड कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो. यातली कित्येक ‘मेलेली’ कार्डं टेबलावर ठणठणीत चालतात. जास्त पॉवरचं कार्ड बसवणं म्हणजे या आजारात भरच. बोर्डाला चालत असेल तर ४८ व्होल्ट द्यावेत. त्याच केबलमध्ये घट सव्वादोन व्होल्टवर येते. मोजमाप वरच्या टोकाला, सगळी कार्डं कामात असताना घ्यायचं. खाली अडॅप्टरला मल्टिमीटर लावून काही कळत नाही.

अडॅप्टरच्याही मागे सरकारी वीज असते. तमिळनाडूत थेनी भागातल्या ग्रामीण दृष्टिकेंद्रांना अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडणारं लांब पल्ल्याचं वायफाय जाळं बर्कलीच्या संशोधकांनी उभारलं होतं. त्यांच्या २००८ च्या शोधनिबंधात उपकरणं बिघडण्यामागे विजेच्या दर्जाला मोठं स्थान आहे; पुरवठ्यात हजार व्होल्टपर्यंतच्या उसळ्या त्यांनी नोंदवल्या होत्या. मोठ्या मोटारी आणि वेल्डिंगची यंत्रं ज्या फीडरवर चालतात, तिथल्या टॉवरला थेट मेन्सवर ठेवू नये. मध्ये बॅटरी असावी आणि रेडिओ तिच्यावर चालावा.

उरतात ऊन आणि पाणी. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उन्हातल्या बंद पेटीत ६० च्या पुढे जायला वेळ लागत नाही, आणि कार्डाची स्वतःची उष्णता त्यावर. पेटीला पांढरा रंग आणि वर सावलीचा पत्रा, एवढ्यानेही फरक पडतो. पाण्यासाठी केबलचे ग्लँड पेटीच्या तळाला असावेत आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा वेढा द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळायची आणि तिच्यावर साधी टेप. पावसानंतर सिग्नल पडून ऊन पडल्यावर पुन्हा सुधारत असेल, तर कनेक्टर उघडा. मधली पिन हिरवट दिसेल.

काही कार्डं बदलणाऱ्याच्या हातूनही जातात. अँटेना न जोडता कार्ड चालू केलं, तर सोडलेली ताकद उलटून प्रसारणाच्या भागावर येते. पिगटेलचा टिचभर कनेक्टर नीट न बसल्यासही तेच होतं. अंगावरची स्थिर वीज हे आणखी एक कारण. म्हणून आधी पुरवठा बंद, मग टॉवरच्या धातूला हात, त्यानंतरच कार्ड पिशवीतून बाहेर. आभाळ गडगडत असताना मात्र टॉवरवर चढूच नये.

एवढं सगळं एकदम बदलून टाकण्याचा मोह होतो. तसं केलं तर लिंक सुरू होईल, पण काय चुकलं होतं ते कळणार नाही. त्यापेक्षा चांगलं चालणारं कार्ड आधी एका, मग दुसऱ्या खाचेत घालून पाहा. बिघाड खाचेपाशीच राहिला तर बोर्ड दोषी. अँटेनासोबत सरकला तर केबल, कनेक्टर किंवा अँटेना. दोन्ही खाचांत सारखाच राहिला तर पुरवठा किंवा अर्थिंग. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची: तारीख, हवामान, खाच, तीन आजारांपैकी कोणता, दोन्ही टोकांचे आकडे, वर मोजलेले व्होल्ट. कार्डं जूनमध्येच जातात की वर्षभर, एकाच खाचेत जातात की सगळीकडे, हे अशा नोंदींतूनच उमगतं. ती ओळ लिहून झाल्याशिवाय नवं कार्ड बसवायचं नाही, एवढा नियम केला तरी खर्च पुष्कळदा टॉवरच्या पायथ्याशीच वाचतो.