चार आलेख, एक पान

पवनीजवळून वाहणाऱ्या वैनगंगेची पाणीपातळी पावसाळ्यात कशी चढते-उतरते, हे चार वर्षांच्या चार आलेखांतून एकाच पानावर दाखवायचे असेल, तर त्यांची मांडणी ही सजावटीची नव्हे, तुलनेची बाब ठरते; कारण एका चौकटीचे उभे माप बदलले, तरी मोठा पूर लहान भासतो, आणि गोसीखुर्द धरण असलेल्या तालुक्यात असा भास घातकच म्हणावा लागेल.

ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना 25 मिलिमीटर समास सोडल्यास 160 उरतात, त्यांत 76 मिलिमीटरचे दोन आलेख शेजारी बसून मध्ये 8 मिलिमीटर जागा राहते. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीत आणि तिच्यावर आधारलेल्या लेटेकमध्ये ही जागा मोजावी लागत नाही, कारण तेथे ‘ग्लू’ म्हणजे गरजेनुसार ताणली जाणारी मोकळी जागा घालता येते. मात्र प्रत्येक आलेखाला ओळीची नेमकी अर्धी रुंदी दिली, तर दुसरा खाली घसरतो, कारण आज्ञावलीतील ओळ संपल्याची खूण प्रणाली एक कोरी जागा मानते. पहिल्या ओळीच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह दिले की ती नाहीशी होते.

अधिक सूक्ष्म अडचण अक्षावरील आकड्यांची असते. एकीकडे ‘5’ आणि दुसरीकडे ‘245’ असल्यास आकड्यांसह मोजलेली रुंदी सारखी असूनही चौकटी असमान होतात, म्हणून जुळवायची ती आलेखाची चौकट, संपूर्ण चित्राची कडा नव्हे.