प्रधान हात आणि मुठीचे बळ : गैरसमज व वस्तुस्थिती

ज्या हाताचा अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, जन्मतः अधिक पुष्ट असतो तोच मनुष्याचा प्रधान हात ठरतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झालेली आहे की तिचा दाखला मागण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वास्तविक कार्यकारणाचा क्रम याच्या उलट आहे. हाताचे प्राधान्य मज्जासंस्थेत ठरते, आणि तेही जन्मापूर्वी. बेलफास्ट येथील पीटर हेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत अंगठा चोखताना पाहिलेल्या मुलांची ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी केली, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उदरात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले उजव्या हाताची निघाली, तर डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी राहिली. स्नायूंची पुष्टी ही पुढे पडणाऱ्या कामाची निष्पत्ती होय. राफेल नदाल लिहितो उजव्या हाताने. परंतु बालपणापासून रॅकेट डाव्या हाती असल्यामुळे त्याचा बळावलेला बाहू डावाच आहे. हा परिणाम केवळ मांसापुरता थांबत नाही: व्यावसायिक टेनिसपटूंच्या १९७७ मधील एका अभ्यासात खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाचे कठीण कवच दुसऱ्या हाताच्या मानाने पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळले.

मुठीचे बळ तळहातात वसते, हाही असाच एक समज आहे. बोटांमध्ये ती वाकवणारे स्नायूच नसतात. ती कामगिरी मुख्यतः अग्रबाहूतील स्नायूंची असून त्यांच्या कंडरा मनगटातील अरुंद मार्गाने बोटांपर्यंत पोहोचतात. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहावी, म्हणजे पकड किती ढिली पडते याचा प्रत्यय तत्काळ येतो.

मग ज्याचा अग्रबाहू जाड त्याची पकड बळकट, असे तरी म्हणावे काय? स्थूलमानाने होय, पण फीत लावून निवाडा करू नये, कारण फितीच्या वेढ्यात स्नायूंबरोबर हाडे, त्वचा आणि मेदही मोजला जातो. शिवाय बळ हे स्नायूंच्या आकारावर जितके, तितकेच त्यांना मिळणाऱ्या मज्जासंदेशांवर अवलंबून असते. येल विद्यापीठात स्क्रिप्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्येच दाखवून दिले की एकाच हातास व्यायाम दिला असता दुसऱ्या, स्वस्थ राहिलेल्या हाताचेही बळ वाढते. आणि दुसऱ्या हाताच्या स्नायूंनी तर काहीच श्रम केलेले नसतात!

परंतु ज्या समजुतीने प्रत्यक्ष अन्याय घडू शकतो ती निराळीच आहे. प्रधान हाताची पकड दुसऱ्या हाताहून दहा टक्क्यांनी अधिक असते, हा ठोकताळा रुग्णांचे हात तपासणाऱ्यांत दीर्घकाळ वहिवाटीने चालत आला आहे. १९८९ साली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी ३१० व्यक्तींची पकड मोजली तेव्हा एकंदर सरासरी तफावत १०.७४ टक्के, म्हणजे ठोकताळ्याबरहुकूम, भरली. मात्र उजव्या हाताची आणि डावखुरी माणसे वेगळी काढताच पहिल्यांत ती १२.७२ टक्के निघाली व दुसऱ्यांत जवळजवळ शून्य. असे का व्हावे, याचे सर्वाधिक पटणारे कारण आपल्या अवतीभवतीच आहे: कात्री, यंत्रांच्या मुठी, कारखान्यातील हत्यारे ही बहुतांशी उजव्या हाताच्या नऊ दशांश लोकांसाठी घडविलेली असल्यामुळे डावखुऱ्याच्या उजव्या हातास आयुष्यभर सक्तीची तालीम घडते. आपल्याकडे तर जेवणाचा घास आणि देवाचा प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये असा दंडक, त्यामुळे ही तालीम लहानपणीच सुरू होते.

आता समजा, एखाद्या डावखुऱ्या कामगाराचा डावा हात दुखावला, आणि त्याची मूळ शक्ती किती होती हे ठरविण्यासाठी शाबूत उजव्या हाताच्या मापात दहा टक्के मिळविले, तर हानी आहे त्याहून मोठी दिसेल. उलट उजवा हात दुखावला असता डाव्याच्या मापातून दहा टक्के वजा केले, तर खरी हानी झाकली जाऊन त्याच्या हक्काच्या भरपाईस कात्री लागेल. म्हणून पकड मोजणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास आग्रहाची विनंती आहे की रुग्णाचा प्रधान हात कोणता हे त्याला विचारून प्रथम कागदावर नोंदवावे, आणि तो डावखुरा असल्यास दहा टक्क्यांचा हिशेब त्याला लावू नये.