उचलीला जामीन, देहाला कोण?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून दरवर्षी निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या प्रवासाचे कागद पावसाळ्यातच तयार होतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते, भावाला किंवा मेहुण्याला जामीन घेतात आणि मुद्रांकावर अंगठे उमटतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला दारात ट्रॅक्टर लागतो. भांडीकुंडी, बाजरी, शेरडे, कोंबड्या आणि पोरेबाळे चढवून टोळी सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाहीतर बेळगाव-बागलकोटकडे निघते, ती गाळप संपून पट्टा पडेपर्यंत. त्या कागदावर उचलीची रक्कम असते, फेडीची अट असते, जामिनाचे नाव असते. पायावर कोयता बसला, रात्री भरलेली ट्रॉली उलटली, कोपीत साप निघाला, तर काय? याबद्दल तो कागद गप्प असतो. गेल्या पन्नासेक वर्षांत सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली, ऊसतोडीचे दर वाढले. त्या कागदाचा गप्पपणा मात्र फारसा बदलला नाही.

१९५०-५१ला प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात धुराडी वाढत गेली. उसाला तोडणारे हात लागत होते. आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी माळाला पाऊस हवा होता. १९७२च्या दुष्काळाने या दोन गरजांची गाठ पक्की बांधली. तेव्हापासून तालुक्यात बाजरी-तुरीनंतरचे ‘दुसरे पीक’ म्हणजे स्थलांतरच झाले.

या माणसांना कायद्याने कुठे बसवले, तेही पाहण्यासारखे आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा. दवाखाना, आजारपणाची रजा, बाळंतपणाचा लाभ असे सगळे त्यात होते. पण हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले आणि त्यांच्या व्याख्येत गुळासकट साखरेचे नाव आले. तोडणी कामगार तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. तो मुकादमाचा माणूस मानला जातो. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मोफत औषधोपचाराची जबाबदारी टाकली, पण त्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागे. म्हणजे आष्टीचा कोयता बेळगावला गेला तर कागदावर तरी संरक्षण होते, आणि कोल्हापुरात थांबला तर तेही नव्हते.

इथे थोडे लांब, कॅरिबियन बेटांकडे पाहिले तर आपल्या व्यवस्थेचे मर्म कळते. १८३८ ते १९१७ या काळात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून लाखो माणसे करारावर ऊस तोडायला नेली. १८४५ला ‘फतेल रझाक’ जहाज त्रिनिदादला लागले. त्या करारातली क्रूरता सर्वज्ञात आहे. वाटेत माणसे पटकीने मरत, मळ्यावर कामाला नकार दिला की तुरुंग ठरलेला. तरीही जहाजावर डॉक्टर असे, आणि त्याला जिवंत उतरलेल्या माणशी पैसे मिळत. मळेवाल्यांवर मळ्यात इस्पितळ ठेवण्याचे कायदेशीर बंधन होते. यात दयेचा भाग थोडाच होता. माणूस मेला तर त्याला आणण्याचा खर्च मळेवाल्याच्या अंगावर येई. आष्टीच्या कोयत्याच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. माणूस आजारी पडला की त्या दिवसाचा ‘खाडा’ लागतो, दंड उचलीत मिळवला जातो. तो मेलाच, तर उरलेली उचल बायकोवर, पोरावर, जामिनावर जाते. वरच्या कुणाचेच काही बुडत नाही. ज्याच्या मरणाने कुणाचा तोटा होत नाही, त्याच्या तब्येतीची चौकशी कोण करणार?

नव्या शतकात शासनाच्या योजना आल्या. २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात बीड नव्हते. नोव्हेंबर २०१३ला ती राज्यभर गेली तेव्हा आष्टीला पोचली. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते. २०१७ला तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका धावू लागली. या दोन्हींनी जीव वाचवले, हे नाकारता येत नाही. पण योजनेचा आधार रुग्णालयात दाखल झालेल्याला. फडावरच्या बाईचे दुखणे सुरू होते ते कंबरेपासून, अंगावरून पांढरे जाण्यापासून, पाळीत दिवसभर कपडा बदलायला आडोसा न मिळण्यापासून. त्यासाठी कुणी दाखल करून घेत नाही. आणि योजनेसाठी दाखवायचे रेशनकार्ड ठेवलेले असते आष्टीकडच्या घराच्या पेटीत.

त्या दुर्लक्षाचे फळ २०१९ला सगळ्या देशाने पाहिले. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. यातल्या अनेकजणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. काही डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, हे खरे. पण ती भीती चटकन पटली ती खाड्यामुळे. पाळीचे चार दिवस, दर महिन्याचा दवाखाना, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणे, आणि पाठीशी उचल. ‘पिशवी’ काढली की कटकट मिटेल, हा हिशेब बाईने उचलीच्या त्याच कागदावरून मांडला होता. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचल घेऊनच भागला, आणि पुढच्या हंगामात तीच बाई दुखरी कंबर घेऊन त्याच फडात उभी राहिली.

समितीने हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी करायला सांगितले. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. दाराला कुलूप लागले, पण बाईला त्या दारापर्यंत नेणारी वाट तशीच राहिली. पुढच्याच वर्षी करोना आला. टाळेबंदीत ३८ कारखान्यांवर एक लाख ३१ हजार कामगार अडकले होते. एप्रिल २०२०मध्ये तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला, तेव्हा निदान त्यांची मोजदाद तरी झाली. एरवी किती माणसे कुठल्या फडावर आहेत, याचा नेमका आकडा सरकारी दप्तरात सापडणे कठीणच.

यानंतरची पाच वर्षे तुलनेने हालचालीची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ मार्गी लागले. टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे आली. २०२३ला उच्च न्यायालयाने या कामगारांच्या हलाखीची स्वतःहून दखल घेतली. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला ३६६ रुपये. त्याच वर्षी कामगारांसाठी अपघात विमाही मंजूर झाला. मृत्यूला पाच लाख. सप्टेंबर २०२२मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वेही आली. फडाकडे जाणारी टोळी मात्र अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच बसते.

हे सगळे हवेच होते. पण उपचार आणि विम्याच्या उपायांत पैसा सरकारचा किंवा महामंडळाचा, आणि दावा करायचा कोयत्याने: ओळखपत्र, पंचनामा, दाखले गोळा करून, परजिल्ह्यात, खाडा सोसून. उचलीचा कागद यापासून अलिप्तच राहिला. उपाय तिथेच करायला हवा. उचल देतानाच तितक्या रकमेचा आयुर्विमा निघावा, हप्ता कारखान्याने भरावा, आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले की उचल तिथेच संपावी. जामिनाकडे कुणी जाऊ नये. आजारपणाच्या दिवसाला खाडा लावणे बेकायदा ठरावे. मेलेल्या माणसाची उचल ज्या हंगामात कारखान्याच्या खात्यातून वजा होऊ लागेल, त्या हंगामात फडावर डॉक्टर, पाणी आणि आडोसा पोचवायला कुठल्याही समितीची शिफारस लागणार नाही.