उपद्रवी समुद्रफुलांवर भक्षकांचा उतारा

प्रवाळांचे मत्स्यालय राखणाऱ्या हौशी मंडळींसमोर ‘एप्टेशिया’चे नाव काढले, की त्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. तपकिरी, अर्धपारदर्शक असे हे छोटे समुद्रफूल दिसायला मोठे नाजूक असते. नव्या खडकाच्या वा प्रवाळाच्या तुकड्याला चिकटून ते नकळत टाकीत शिरते आणि काही महिन्यांत तेथील फटी व्यापून टाकते. त्याच्या संस्पर्शकांवरील दंशपेशी शेजारच्या प्रवाळांना इजा करतात. परिणामी, मोठ्या खर्चाने आणि कष्टाने वाढविलेली प्रवाळांची वसाहत धोक्यात येते.

हे समुद्रफूल उपटून का टाकू नये, असा प्रश्न साहजिकच पडेल. परंतु तेथेच खरी मेख आहे. त्याच्या तळव्याचा बारीकसा तुकडा खडकावर राहिला, तरी त्यातून नवे समुद्रफूल तयार होते. त्यामुळे ओरबाडून काढण्याचा खटाटोप पुष्कळदा संख्या वाढविणाराच ठरतो. शिवाय त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरविते. सुईने चुन्याचे दाट द्रावण टोचण्याचा उपाय एकेका समुद्रफुलावर लागू पडतो. मात्र खडकाआड दडलेल्यांपर्यंत सुई पोहोचत नाही. अशा वेळी त्यांना खाणारा जीवच टाकीत सोडण्याचा मार्ग पुढे येतो.

या कामी सर्वाधिक वापरली जाते ती ‘पेपरमिंट’ कोळंबी. अंगावर तांबडे पट्टे असलेली ही कोळंबी रात्री बाहेर पडते आणि प्रामुख्याने लहान समुद्रफुले फस्त करते. मात्र तयार खाद्य मुबलक मिळू लागले, की ती शिकारीकडे पाठ फिरविते. प्रसंगी प्रवाळांनाही त्रास देते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ‘कॅमल’ कोळंबीची तर प्रवाळांवरच नजर असते, म्हणून खरेदी करताना नीट पारख करावी लागते. लांब चोचीसारख्या तोंडाचा ‘कॉपरबँड’ फुलपाखरू मासा फटीतली समुद्रफुले टिपतो. पण तो नळीत राहणारे शोभिवंत कृमीही खातो आणि बंदिवासात पुष्कळदा अन्नच घेत नाही. केवळ कीड निवारण्यासाठी असा मासा आणणे योग्य नव्हे.

या सर्वांहून वेगळी ती ‘बर्घिया’ नावाची, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील हिच्या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे अन्न एकच, ते म्हणजे एप्टेशिया. एवढेच नव्हे, तर भक्ष्याच्या न फुटलेल्या दंशपेशी ती आपल्या पाठीवरील बोटांसारख्या उंचवट्यांत साठविते आणि स्वसंरक्षणासाठी वापरते. ती प्रवाळांना स्पर्शही करीत नाही. अर्थात, एकदोन गोगलगायी सोडून भागत नाही. संख्या पुरेशी हवी, काही महिने धीर हवा आणि गोगलगायींना गिळणारे मासे टाकीत नसावेत. पंपाच्या तोंडाशी जाळी बसविणेही आवश्यक असते.

परंतु बर्घियाचे यश हेच तिचे मरण असते. शेवटचे समुद्रफूल संपले, की तिची उपासमार सुरू होते. म्हणून जाणकार मंडळी वेळीच उरलेल्या गोगलगायी गोळा करून तोच उपद्रव असलेल्या दुसऱ्या छांदिष्टाच्या हवाली करतात. भक्षक म्हणजे बाटलीतले औषध नव्हे. त्यालाही भूक आहे, आवडनिवड आहे. त्याला टाकीत सोडण्यापूर्वी, काम संपल्यावर तो काय खाईल, या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवावे. त्याच्या जोडीला नवा खडक वा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून तपासावा आणि जादा खाद्य टाकण्याचा मोह आवरावा. कारण एप्टेशियाला टाकीतले उरलेले अन्नही चालते, आणि पाहुणचार चालू असेपर्यंत हा पाहुणा जाण्याचे नाव घेत नाही.