शेल आणि नामविश्वाची उणीव

युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये वापरकर्त्याची आज्ञा वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात, आणि अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. बेल लॅब्जमधील स्टीफन बोर्न यांचा, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला शेल हा आजच्या बॅश या शेलचा पूर्वज होय. बोर्न यांच्यावर अल्गोल ६८ या भाषेचा प्रभाव असल्याने ‘इफ’ने उघडलेली अट त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने, ‘एफआय’ने मिटते; त्याच न्यायाने ‘डीओ’ने सुरू होणारे आवर्तन ‘ओडी’ने मिटायला हवे होते, पण फाइलमधील बाइट अष्टमान पद्धतीत दाखवणारी ओडी नावाची आज्ञा आधीच असल्यामुळे तेथे ‘डन’ योजावे लागले. भाषेचे व्याकरणच नावांच्या टकरीपुढे वाकल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अशी टक्कर टाळण्यासाठी नावांना स्वतंत्र हद्द आखून देणाऱ्या सोयीस नामविश्व म्हणतात. उदाहरणार्थ, गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अनेक गावांत देऊळवाडा असतो, आणि पाळी गावाचा देऊळवाडा वेगळा ओळखता येतो तो गावाचे नाव जोडल्यामुळे. बॅशमध्ये मात्र ‘सोर्स’ आज्ञेने दुसरी फाइल आणली की तिच्यातील चले, म्हणजे नावाखाली साठवलेली मूल्ये, आणि फंक्शने, म्हणजे नाव दिलेले आज्ञासमूह, मूळ स्क्रिप्टच्या नावांत मिसळतात. दोन्हीकडे एकाच नावाचे फंक्शन असल्यास नंतरचे आधीच्याला पुसून टाकते, आणि शेल त्याची सूचनाही देत नाही. ‘लोकल’ म्हणून घोषित केलेले चलसुद्धा त्या फंक्शनने बोलावलेल्या इतर फंक्शनांना दिसते व बदलता येते.

या मिसळीची किंमत सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक या दोषाने दाखवून दिली. स्तेफान शाझेला यांना आढळलेल्या या दोषात, पर्यावरण-चलाचे, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या चलाचे, मूल्य विशिष्ट चिन्हांनी सुरू झाले की बॅश ते फंक्शन समजे आणि त्यापुढे जोडलेली आज्ञाही चालवी. त्यामुळे वेब सर्व्हरला आलेल्या विनंतीतील मजकूरही आज्ञा बनू शकत असे. त्यानंतरच्या दुरुस्त्यांत फंक्शने वाहणाऱ्या चलांना ‘बॅश फंक’ हा खास उपसर्ग आणि टक्केचिन्हांचा प्रत्यय देण्यात आला, म्हणजेच उशिरा का होईना, एक छोटे नामविश्व उभारावे लागले.

डेव्हिड कॉर्न यांच्या केएसएच ९३ या शेलमध्ये ‘नेमस्पेस’ हा शब्द भाषेतच आहे. बॅशचे लेखक मात्र फंक्शनांच्या नावांना उपसर्ग लावून भागवतात; हा शिष्टाचार उपयुक्त असला तरी शेल तो कोणावर बंधनकारक करत नाही. जुन्या स्क्रिप्ट अबाधित ठेवून, मागेल त्यालाच लागू होणारे नामविश्व बॅशने स्वीकारावे.